सासुरवाडीतला माझा सर्व्हे

माझी आंतरराष्ट्रीय कारकीर्द वऱ्हाडात मानोऱ्याजवळच्या माझ्या सासुरवाडीत बुडता बुडता वाचली.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी ट्रेनिंग कॉलेजात नवा शिक्षक होतो. तिथं एक परदेशी शिक्षणतज्ज्ञ आले आणि म्हणाले, "एक गाव निवडा. किती मुली शाळेत जातात, ते घरोघर विचारून लिहा. ज्याचं काम उत्तम, त्याची मी परदेशी शिक्षणासाठी शिफारस करीन!" परदेश! माझे पाय जमिनीवर टेकेनात! मी तडक सासुरवाडी निवडली. (जेवणाची सोय उत्तम, हे कारण अहवालात घातलं नाही.)

माझी बायको कमल म्हणाली, "तुमी नका विचारू तिथं. माह्या हाती द्या ते कागद."

"हे शास्त्रीय काम आहे!" मी गरजलो आणि निघालो. पहिल्याच घरी विचारलं,

"तुमची मुलगी शाळेत जाते?"

"हाव ना, जवाईबुवा!"

"रोज?"

"रोजच! भजे घ्या ना अजून!"

घरोघर हेच. एका आजीनं तर पाळण्यातली नातसुद्धा शाळेत जाते म्हणून सांगितलं. (मी तिला बालवर्गात घातलं!)

अहवाल वाचून साहेब खुर्चीतून उठलेच. "एकही मुलगी शाळेबाहेर नाही? मला हे गाव बघायचंय!"

साहेब, कमल आणि मी जीपनं पोचलो तेव्हा कापसाची वेचणी जोरात होती. मास्तर रजेवर. शाळेचं दार उघडलं, तर आत आढ्यापर्यंत कापूस! माझा पडलेला चेहरा बघून सासूबाई शेताकडं धावल्या आणि अर्ध्या तासात गावभरच्या पोरी अंगणात आणून बसवल्या. त्यात दोघी लेकुरवाळ्या! पाट्या कुठून आणणार? प्रत्येकीच्या मांडीवर पोळपाट!

साहेबांनी एक पोळपाट उचलला. पीठ झटकलं. सासूबाईंना विचारलं, "खरं सांगा, यातल्या किती शाळेत येतात?" दुभाषा अर्थात मीच.

"खरं सांगू? एकबी नाई."

"मग ह्यांना सगळे हो का म्हणाले?"

सासूबाई भडकल्या. "गावचे जवाई हायेत ते! जवाई विचारून राह्यले, तं नाई कसं म्हनाव? रुसले असते तं? माही पोरगी नांदते त्याइच्या घरी!"

मी एक शब्दही न गाळता भाषांतर केलं. शेजारी उभ्या कमलकडं बघायची हिंमत झाली नाही. परदेश गेला, अब्रू गेली, उरले ते गावभरचे पोळपाट!

साहेब मात्र पोट धरधरून हसले. डोळे पुसत त्यांनी वही काढली आणि तिथंच माझी शिफारस लिहिली! मी ती वाचली:

'उमेदवार मेहनती आहे. मात्र त्याला कुणीही जावई मानणार नाही, इतक्या लांबच्या देशात पाठवावं.'