सरड्याच्या पेटीतला उतार

मुलीने पाळलेल्या परदेशी सरड्याला वाटीतलं पाणी दिसतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब दिसला, तरच तो जीभ लावतो. म्हणून रोज सकाळी मी त्याच्या जाळीच्या पेटीत पाणी फवारतो. तो पितो चार थेंब; बाकीचं तळाशी साचून कुबट वास मारतं.

"बाबा, अशाने तो आजारी पडेल," मुलगी काकुळतीने म्हणाली.

आज तळाच्या ट्रेला कोपऱ्यात भोक पाडून नळी बसवली, तर पाणी मधोमध तळं करून बसलं.

"अहो, आपल्या बाथरूममध्ये गवंड्याने तांब्याभर पाणी ओतून उतार बघितला होता ना?" बायको म्हणाली.

मग ट्रेच्या एका बाजूखाली लाकडी पट्टी सरकवली, तांब्या ओतला आणि तिघंही वाकून बघत राहिलो. पाणी जरा घुटमळलं आणि निघालं, नळीतून थेट बायकोच्या कढीपत्त्याच्या कुंडीत.

पिंप, हंडे, बादल्या. सगळा जन्म पाणी भरून ठेवण्यात गेला. ते निघून जाताना बघूनही इतकं बरं वाटतं, हे आज कळलं.

वर सरडा एक डोळा आमच्यावर ठेवून दुसऱ्याने पानाच्या टोकावरचा थेंब निरखत होता. त्याला तेवढा पुरे होता.