पाच गिलास पानी

"जा. नळावर जा. गुळण्या करून ये. मग बोल."

ट्यूटर बाईंनी हे हसत हसत सांगितलं. मला आधी कळलंच नाही की त्या खरंच सांगताहेत. धुळ्याला नर्सिंगच्या ट्रेनिंगला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. वर्गात आम्ही तीस मुली. बाईंनी विचारलं होतं, हगवण लागलेल्या लेकराला मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी कसं करून द्यायचं? मला येत होतं. मी उठले आणि घरी बोलते तसं बोलून गेले.

"पाच गिलास पानी उकाळी लेवानं, थंडं होऊ देवानं, मंग त्यामा बठ्ठी पुडी टाकानी."

वर्ग हसला. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला नळावर पाठवलं.

मी गेले. हेच मला आजही सहन होत नाही. त्यांनी पाठवलं यापेक्षा मी गेले, हे. वर्गाच्या खिडकीतून नळ दिसायचा. मी तीन वेळा चूळ भरली. तीस जणी बघत होत्या. परत आले तेव्हा बाई म्हणाल्या, "हं, आता मराठीत सांग." मी खाली बसले. पुढच्या बाकावरच्या मुलीनं तेच उत्तर पुस्तकी भाषेत दिलं. तिला शाबासकी मिळाली.

माझं उत्तर चूक नव्हतं. हे त्या दिवशी कुणीच बोललं नाही. मीही नाही.

मग मी शिकले. रेडिओवरच्या बातम्या ऐकून ऐकून बोलायला शिकले. 'शे' टाकलं, 'आहे' घेतलं. 'बठ्ठं' टाकलं, 'संपूर्ण' घेतलं. सोनगीरजवळच्या आमच्या गावी सुट्टीला गेले की मायला टोकायचे. "शे नाही, माय. आहे म्हण." माय दोन-चार वेळा म्हणाली. मग ती माझ्यासमोर कमीच बोलायला लागली. मला वाटलं, सुधारतेय. ती माझ्याशी बोलायचं सोडत होती, एवढी साधी गोष्ट शिकलेल्या पोरीला कळली नाही.

नोकरी लागली शिरपूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात. तिथले डॉक्टर बाहेरगावचे. लोकांचं बोलणं त्यांना समजायचं नाही, आणि समजून घ्यायची गरजही त्यांना वाटायची नाही. माझ्यावर ते खूश होते. म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही इथल्या वाटतच नाही." मला ते कौतुक वाटायचं. त्या वाक्याला मी किती वर्षं डोक्यावर घेऊन मिरवलं!

एका दुपारी वेणू आली. कापूस वेचायला जाणारी बाई, कडेवर सव्वा वर्षाची मुलगी. मुलीला जुलाब. डॉक्टरांनी तपासलं, पुडी द्यायला सांगितली. बाहेर रांग मोठी. मी पुडी तिच्या हातात दिली आणि रोजचं वाक्य म्हटलं, "एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात संपूर्ण पाकीट विरघळवा आणि थोड्या थोड्या अंतरानं पाजा. समजलं?"

वेणूनं मान डोलावली. मी पुढच्या बाईला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पळत आली. मुलगी आखडत होती. डोळे वर गेलेले, हातपाय ताठ. डॉक्टरांनी विचारलं, काय दिलं? वेणूनं रिकामी पुडी पुढे केली. तिनं ती अख्खी पुडी एका कपात कालवून पाजली होती. पाच गिलासांचं मीठ एका कपात. डॉक्टर ओरडले, "काय अडाणी बाई आहेस! मारायचं होतं का पोरीला?"

मुलीला जीपमधून धुळ्याला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं ठरलं. जीप येईपर्यंत मी वेणूजवळ उभी होते. विचारलं, "मी सांगितलं होतं ना तुला?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुम्हीन बोलनात ते माले समजनं नही. परत इचारानी लाज वाटनी."

लाज. ती लाज मला पाठ होती.

जीप गेल्यावर डॉक्टरांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "लिहा. आईच्या अज्ञानामुळे चुकीचे मिश्रण दिले गेले. खाली सही करा."

मी पेन उघडलं. लिहिलं, "मिश्रणाची माहिती मी दिली. ती आईला समजली की नाही, हे मी विचारून पाहिले नाही. या दवाखान्यात लोकांना त्यांच्या बोलीत सांगितले जात नाही." सही केली.

डॉक्टरांनी वाचलं. "नोकरी नकोय का तुम्हाला?"

"पाहिजे शे," मी म्हटलं. किती वर्षांनी तोंडातून 'शे' आलं.

"काय?"

"नोकरी पाहिजे, साहेब. पण चूक तिच्या नावावर लिहिणार नाही."

वेणूची मुलगी वाचली. डावा पाय मात्र कायमचा ओढत चालते. मी तिला भेटायला गेले होते. वेणूनं बसायला पोतं टाकलं, चहा केला. रागाचा एक शब्द बोलली नाही. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

मला मेमो मिळाला, आणि महिन्याभरात सातपुड्याच्या पायथ्याशी बदली. इथले लोक पावरी बोलतात. मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी इथल्या म्हाताऱ्या दाईजवळ बसले आणि विचारलं, पाण्याला काय म्हणता, पोटात दुखतं हे कसं सांगता? माझे उच्चार ऐकून बायका खो खो हसल्या. पण हसून झाल्यावर त्यांनी तो शब्द मला पुन्हा सांगितला. मला कुणी नळावर पाठवलं नाही.

आता पुडी देताना मी 'समजलं का' असं विचारत नाही. बाईच्या हातात तांब्या देते आणि म्हणते, तू मला करून दाखव. वेळ जातो. रांग खोळंबते. वरून विचारणा होते की तुमच्याकडे एवढा उशीर का.

गेल्या महिन्यात एक कागद आला. टाईप केलेला, तयार. त्यात लिहिलेलं, रजिस्टरमधला शेरा मी गैरसमजातून लिहिला, त्याबद्दल दिलगीर आहे. फक्त सही करायची. केली तर पुन्हा शिरपूरकडे बदली मिळेल, असं कागद आणणाऱ्या शिपाईभाऊंनी हळूच सांगितलं. ते भले माणूस. म्हणाले, "ताई, करी टाका सही. एक सहीमा काय जास?"

काय जातं ते मला माहीत आहे.

तो कागद मी बिनसहीचा परत पाठवला. पुन्हा आला तरी तसाच जाईल.