बारवेच्या तीन पायऱ्या

कडूबा नानाची चाल आमच्या वाडीत कुणालाही काढता येते. उजवा पाय ताठ ठेवायचा, डावा पुढं टाकायचा, उजवा मागून ओढायचा आणि दर चार पावलांनी स्वतःलाच म्हणायचं, "हां, बराबर." पोरं हसून लोळायची. नानासुद्धा हसायचा. "थोडा वाक की रे, मी काय एवढा खांबावानी चालतो व्हय?"

तो पाय नारूनं नेला होता. नाना लहान असताना गुडघ्याशेजारून दोऱ्यासारखा किडा निघाला, ओढताना आत तुटला आणि गुडघा कायमचा आखडला. धावडा गावाच्या अंगाला आमची वाडी, प्यायला एकच बारव. लोक पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभे राहायचे आणि घागर बुडवायचे. ज्याच्या पायातून किडा निघतोय तोही तिथंच उभा. किड्याची पिल्लं पाण्यात, पाणी साऱ्यांच्या पोटात आणि वर्षाला नवा किडा.

सत्त्याऐंशी साली आरोग्य खात्याचे जीपवाले नारू हटवायची योजना घेऊन आले. पायऱ्या दगडांनी बुजवून टाकायच्या, वरून रहाटानं पाणी काढायचं. माणसं कुरकुरली, पण नाना हटून बसला. "माझा पाय गेला तो गेला. आता या वाडीत एकाबी लेकराचा जायचा न्हाई." ताठ पायानं दगड त्यानंच वाहिले.

अडचण एकच निघाली. आमच्याकडं बाळंतीण पाण्यात पाय बुडवून बारवेची ओटी भरते, त्यानंतरच घागर डोक्यावर घेते. म्हाताऱ्या झुंबरबाईनं विचारलं, "नाना, लेकुरवाळ्यांनी पानी पुजायचं कुठं? बाजूला एक कुंड तरी बांध."

"देवी पान्यात ऱ्हाती, पायरीवर न्हाई. वरून टाका नारळ."

"वरून टाकायला ती काय कोंबडी हाय, दाने टिपायला?"

सगळे हसले, नानाही हसला. कुंड काही झालं नाही. वाडीतल्या कौसल्यानं धाकट्या पोराच्या वेळी वरून नारळ टाकला आणि रडत घरी गेली.

पण नारू गेला. दोन उन्हाळे एकही पाय सुजला नाही. वेशीत पाटी लागली, 'नारूमुक्त गाव'. जीपवाल्यांनी पाणी गाळायला दिलेली फडकी बायांनी चहाला लावली.

मग नानाची सून बेबीनंदा वर्षभर माहेरी राहून, बाळंतपण उरकून आली. नातू सारखा किरकिरायचा. नानाची बायको उषाबाई भाकरी थापता थापता बोलायची. "लोकाच्या सुना रडवल्या, आता घरचं लेकरू रडून राह्यलं. बारवेचा कोप हाय, दुसरं काय! एक दिवस पायऱ्या मोकळ्या केल्यानं काय जातंय तुमचं?"

नाना आधी ओरडला. मग एका सकाळी पहार घेऊन गेला आणि पायऱ्यांवरचे दगड त्यानंच काढले.

बेबीनंदा तीन पायऱ्या उतरली. पाण्यात पाय घातला आणि डोळेच मिटले तिनं. "आत्याबाई, लई गार वाटून राह्यलं! चार दिसापासून नुसती आग आग होती घोट्यात."

वर नाना उभा होता. त्यानं ऐकलं.

"वर ये! जल्दी वर ये!"

घोट्यावरचा फोड फुटला होता आणि त्यातून पांढरा दोरा लोंबत होता.

दगड दुपारपर्यंत परत बसले. नाना दारोदार फिरला, "फडकं लावल्याबिगर पानी पिऊ नका रे." कौसल्या उंबऱ्यातून म्हणाली, "तुमच्या सुनंची ओटी भरून झाली, की लगेच पानी बाटलं व्हय, नाना?"

तो भोकरदनची गाडी धरून जीपवाल्या साहेबाकडं गेला. साहेब नाकातून बोलायचा. "कडूबाऽ, तुमचं गाव मुक्त झालंय नाऽ? मुक्त गावाला औषध नसतं पाण्यात टाकायला."

"साहेब, माझ्या सुनंच्या पायातून निघाला. दगड मीच काढल्ते."

"सून आजार घेऊन आली माहेरून. म्हणजे केस माहेरची. तिकडं कळवू."

"किडा माहेरचा, साहेब. पन पानी आमचं हाय की."

"पाटी लावून झालीऽ, कडूबा. आता माझं नाक कापता काऽ?"

औषध आलं नाही. नाना बारवेच्या काठावर फडकं धरून बसायचा. दोन-चार बाया त्याच्या भिडेखातर पाणी गाळून न्यायच्या, बाकीच्या वळसा घालून दुसऱ्या बाजूनं घागरी भरायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या वाडीत नारू निघाला. कौसल्याच्या थोरल्याच्या गुडघ्यापाशी, रामकिसन गवंड्याच्या टाचेत, आणखी पाच-सहा घरांत. नानाच्या डाव्या, चांगल्या पायात. मग जीप आली, औषधही आलं आणि बारवेशेजारी झुंबरबाईनं मागितलं होतं तसं कुंड बांधलं गेलं. साहेबांनी त्याला नारळ फोडला. "सुधारित योजनाऽ," म्हणाले.

पाटी तेवढी कुणी काढली नाही.

कौसल्याचा थोरला सहा वर्षांचा. त्याचा गुडघा आखडला. परवा तो वेशीतून येत होता, डावा पुढं, उजवा मागून ओढत. पारावरची पोरं खिदळली. "ए, नानाची चाल भारी काढतो रे हा! आता म्हन, हां, बराबर!"

पोरगं तसंच चालत राहिलं. पाराच्या दुसऱ्या कडेला दोन्ही पाय लांब करून नाना बसला होता. या वेळी तो हसला नाही.