शुक्रवारच्या अक्षता

त्या वर्षी श्रावणातल्या शुक्रवारी मी जिवतीचा कागद भिंतीला लावला, पोटातल्या बाळासाठी पुरणाच्या दिव्यांनी ओवाळलं, आणि त्याच संध्याकाळी मला हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं. आम्ही तेव्हा लंडनला होतो, म्हणजे कॅनडातल्या. मुलगी त्याच दिवशी, फार लवकर जन्मली. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जंजाळात ती शोधावी लागायची. घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर जिवतीचा कागद उतरवून ड्रॉवरमध्ये पालथा घातला. लेकराबाळांना राखणारी म्हणे! माझ्या वेळी कुठे गेली होती? मी देवीशी कट्टीच घेतली.

पेटीवरच्या कार्डावर नुसतं ‘बेबी गर्ल’ लिहिलेलं होतं. अभय, माझा नवरा, म्हणायचा, “अगं, बारसं नंतर करू, पण ॲटलीस्ट काहीतरी हाक मारू या तिला.” मी त्याच्यावर खेकसायचे. नाव ठेवलं की जीव गुंततो, आणि डॉक्टर तर काहीच खात्रीने बोलत नव्हते. श्वासाची नळी काढून पाहिली की ती निळी पडायची, पुन्हा घालावी लागायची. पेटीच्या खिडकीतून हात आत घालायला नर्स सांगायच्या, पण माझा हात पुढे व्हायचा नाही. श्रावण गेला, ऑक्टोबर आला. नळी काढायचा पुढचा प्रयत्न सोमवारी ठरला.

त्याच्या आदल्या दिवशी कम्फर्ट आंटी दारात उभ्या राहिल्या. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, मूळच्या घानाच्या. शहराबाहेरच्या त्यांच्या चर्चमध्ये हार्वेस्टची, म्हणजे सुगीची, खास प्रार्थना होती. “तू नुसती बस, कुणी काही विचारणार नाही,” त्या म्हणाल्या. अभयने मला जवळजवळ ढकललंच. “मी थांबतो तिच्याजवळ. तू जरा बाहेरची हवा खा.”

वाळलेल्या मक्याच्या शेतांमधलं ते छोटंसं चर्च. आसपासच्या शेतांवर आणि ग्रीनहाउसमध्ये काम करणारी घानाची कुटुंबं झगझगीत कपड्यांत आली होती. ढोल वाजत होते. कुणाच्या हातात भोपळा, कुणाकडे कणसं, कुणाकडे रताळी. माझं आपलं एकच चाललं होतं, लवकर आटपलं तर बरं. मग पाद्री एकेका वाराचं नाव घेऊ लागले. ज्या वारी जन्म, त्या वाराच्या माणसांनी नाचत पुढे जायचं आणि पीक वेदीपाशी ठेवायचं. रविवारवाले गेले, सोमवारवाले गेले. माझा वार मंगळवार, पण मी उठले नाही.

“तुझी मुलगी कुठल्या वारची?” आंटींनी कानाशी येऊन विचारलं.

“शुक्रवारची.” तो वार उच्चारतानाही माझ्या जिभेवर कडू आलं.

“म्हणजे अफुआ! माझ्यासारखी. आमच्याकडे वाराचं नाव जन्मासोबतच येतं, कुणी ठेवायची वाट बघत नाही.” असं म्हणून त्यांनी तांदळाचं भांडं माझ्या हातात दिलं. “चल, ती येऊ शकत नाही तर तिच्या वतीने तू चल.”

म्हणजे इतके दिवस माझ्या मुलीला नाव होतं. मी पुरती हलले. शुक्रवारच्या माणसांमागून वेदीपर्यंत कशी गेले, ते मला नीट आठवत नाही. तिथे पोचल्यावर मात्र हाताने आपलं काम केलं. मूल लांब असलं की माझी आई जिवतीच्या पूजेला त्याच्या दिशेने अक्षता टाकायची. मी विचारलं, “लंडन कुठल्या बाजूला?” आंटींनी खिडकीकडे बोट केलं. मी मूठभर तांदूळ घेतले आणि भर चर्चमध्ये तिकडे उधळले.

ढोल थांबले. मी शरमेने लाल झाले आणि अडखळत सांगितलं, मूल लांब असलं की आमच्यात असं करतात. आंटींनी त्याच भांड्यात हात घातला आणि तांदूळ पूर्वेला टाकले. त्यांची दोन मुलं घानात, कुमासीला होती. त्यांच्यामागून आणखी एक हात आला, मग आणखी एक. बहुतेकांचं कुणी ना कुणी लांब होतंच. पाद्रींनीही घेतले. पायाखाली तांदूळच तांदूळ झाले आणि मी त्या सगळ्यांत उभी राहून ढसाढसा रडले.

तिथून मी थेट हॉस्पिटलला गेले, पेटीच्या खिडकीतून हात आत घातला आणि हाक मारली, “अफुआ.” तिने माझं बोट धरलं. सोमवारी नळी काढली, ती परत घालावी लागली नाही. तांदळाने हे केलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं होतं. मला एवढंच कळलं, की अक्षता टाकणं आपलं काम, त्या पोचवणारं कुणी वेगळं आहे, आणि त्यासाठी आधी मूठ उघडावी लागते.

जिवतीचा कागद पुन्हा भिंतीवर आला. बारशात तिचं नाव जान्हवी ठेवलं, तरी आंटी तिला अफुआच म्हणतात. आता दर हार्वेस्टला त्या चर्चमध्ये शुक्रवारचे लोक तांदूळ उधळतात. नवीन आलेल्यांना ती घानाचीच रीत वाटते. गेल्या वर्षी मी सवयीने लंडनच्या दिशेला हात उचलला, तर शेजारून फ्रॉक घातलेला माझा शुक्रवार म्हणाला, “आई, I’m right here!”

“हो गं बाई,” मी म्हटलं, आणि सगळ्या अक्षता तिच्या डोक्यावर टाकल्या.