हात बदलला ती जागा

माझे यजमान सैन्याच्या वर्कशॉपमध्ये हत्यारं दुरुस्त करायचे. तिथून निवृत्त झाल्यावर काही वर्षं शिरवळच्या एका कारखान्यात काढली आणि मग आम्ही शिराळ्याजवळ त्यांच्या गावी येऊन राहिलो. ऊस दीर बघत होते. हे रिकामे बसणाऱ्यांतले नव्हते. गोठ्याच्या कडेला पत्र्याची शेड मारली, भट्टी लावली आणि सुऱ्या करायला लागले.

मी सांगलीची. माझ्या माहेरी सुरी म्हणजे भाजीची, आणि विळी हाताशी असली की तीही लागत नसे. ह्यांच्या सुऱ्या वेगळ्या. वखारीतून करवतीची जुनी पाती आणायची, ट्रकच्या स्प्रिंगचे मोडके पाटे आणायचे, त्यांच्या पट्ट्या एकाआड एक रचून, तापवून, ठोकून एक ठोकळा करायचा. तो लांबवून मधोमध घडी घालायची, पुन्हा ठोकायचा. अशा घड्यांवर घड्या. एवढं करून पातं घासलं तरी साधं पांढरं लोखंडच दिसे. मग ते ॲसिडमध्ये बुडवायचं. एक पोलाद काळं पडायचं, दुसरं चकाकत राहायचं आणि आतली नक्षी वर यायची. दुधावरची साय बोटानं सरकवली की तिला पडतात तशा सुरकुत्या.

लोक लांबून येऊन त्या सुऱ्या न्यायचे आणि मखमलीच्या पेटीत ठेवायचे.

"एवढं राबायचं आणि कुणी त्यानं कांदासुद्धा चिरायचा नाही. मग कशाला?" मी विचारायची.

"बघायला."

"त्यात काय बघायचं?"

"बघ की."

एवढं म्हणून ते भट्टीकडे वळायचे. आणि मी काही बघितलं नाही.

एका श्रावणात, सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातून कप पडला. उजवी बाजू गेली. सांगलीच्या दवाखान्यातून अठरा दिवसांनी घरी आणलं तेव्हा काठी धरून जेमतेम चालत होते. बोलणं तुटक झालं होतं. उजवा हात नुसता लोंबायचा. अंगणात खुर्ची टाकली की शेडकडे पाठ करून, उसाकडे तोंड करून बसायचे.

दिवाळीनंतर मी शेड झाडायला गेले. ऐरणीजवळ एक अर्धवट पातं पडलं होतं. टोकाकडचा अर्धा भाग ठोकून नीट लांबवलेला, मुठीकडचा अर्धा अजून जाडच. वर गंज धरायला लागला होता. मी ते त्यांच्यापुढे नेलं आणि विचारलं, "हे भंगारात घालू?"

मी खरंच विचारलं होतं, मनात दुसरं काही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा हा माणूस माझ्यादेखत रडला नव्हता. माझ्या तोंडातून निघून गेलं, "घण मी मारते. तुम्ही नुसतं सांगा."

"तुला... न्हाई जमायचं."

"रस्त्याकडेला पालं टाकून राहतात त्या लोहारणी मारतात की. नवरा सांडशी धरतो आणि बाई घण घालते."

ते उठायचं म्हणून डाव्या हातानं काठी चाचपायला लागले.

महिनाभर मी ट्रकच्या मोडक्या पाट्यावर घण मारायला शिकले. तळहाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. ह्यांचा डावा हात सांडशी धरायला शिकत होता, म्हणजे दोघंही नवखीच. मग आम्ही ते अर्धं पातं भट्टीत घातलं.

दुसऱ्या दिवशीच घात झाला. लोखंड निवलेलं मला कळलं नाही, मी मारत राहिले. पात्याच्या मधोमध पोळीचे पदर सुटावेत तशी बारीक फट पडली. मी घण टाकून खालीच बसले. त्यांचं शेवटचं काम मी घालवलं असं वाटलं.

"ऊठ," ते म्हणाले. "टाकणखार."

सांधा जुळायला घालतात ती टाकणखाराची पूड मी फटीवर पसरली, पातं पुन्हा निखाऱ्यात गेलं.

"लाल झालंय. काढू?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई. पिवळं... लोण्यावानी."

लोण्यासारखं पिवळं झालं तेव्हा त्यांनी बाहेर काढलं. "हळू," एवढंच म्हणाले. मी हळू मारलं. पहिले घाव भद्द वाजले. मग आवाज बदलला, टणक झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस?" मी ऐकलं होतं. फट मिटली होती.

घासून, मग तापवून तेलात विझवून कडक केलं आणि पातं ॲसिडमध्ये बुडवलं. टोकाकडच्या रेघा शांत, सरळ. मध्यावर एक भोवरा, आणि तिथून मुठीपर्यंत सगळ्या रेघा वाकड्या. "माझ्यानं बिघडलं," मी म्हणाले. ते नुसते बघत राहिले.

पुढे साताऱ्याचे एक निवृत्त प्राध्यापक आले. आधी त्यांनी दोन सुऱ्या नेल्या होत्या. आजारपण कळलं म्हणून भेटायला आले होते. ते पातं त्यांना फळीवर दिसलं. खिडकीशी नेऊन, चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून, तिरपं करत ते कितीतरी वेळ बघत होते. चहा निवून गेला. मग त्यांनी भोवऱ्यावर अंगठा ठेवला.

"इथं हात बदललाय. टोकाचा भाग तुमचा. मुठीकडचा कुणाचा?"

ह्यांनी डाव्या हातानं माझ्याकडे दाखवलं.

"वहिनी, इथं फट पडली होती ना?"

"हो."

"त्याच्यानंतर तुम्ही भीतभीत मारलंय, बघा. रेघा थरथरतात. पण मुठीजवळ या इकडे. इथं घाव संथ झालेत."

मी पातं हातात घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातलं पोलाद बघितलं. माझी भीती तिथं होती. ती कुठे सरली तेही होतं. एवढ्या वर्षांत ह्या माणसानं अशा किती गोष्टी लोखंडात घातल्या असतील, आणि मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. मी ते पुन्हा खिडकीशी तिरपं धरलं.

प्राध्यापकांनी ते मागितलं. मी देणार नव्हते. "अहो, पहिलं आहे हे माझं," मी म्हणाले.

"त्यांना दे," हे म्हणाले. "बघत्यात ते."

मूठ बसवून दिलं.

त्यानंतर हे दोन वर्षं जगले. आम्ही मिळून सात पाती केली. शेवटच्या दोन वेळी त्यांना सांडशी धरवेना. खुर्चीवर बसून नुसता रंग सांगायचे. गेल्या फाल्गुनात गेले.

शेड काढून टाका असं दीर म्हणाले, मी नको म्हटलं. घण आणि सांडशी दोन्ही एकटीला पेलत नाहीत, म्हणून हातोड्यानं लहानच पाती करते. भाकरी झाल्या की, ऊन चढायच्या आत. आज सकाळी एक तेलात घातलं, ते वाकडं निघालं. उद्या पुन्हा तापवून बघेन.