कालदुर्गावर देव नव्हता
तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, त्या दिवसांत लग्न होऊन मी साताऱ्याकडून बोईसरला आले. हेही आमच्याच गावचे, पण ह्यांना त्या बांधकामावर नोकरी आणि मला दिवसभर चार भिंती. जीव रमेना. आमच्याकडे नव्या सुनेला आधी डोंगरमाथ्यावरच्या देवाला नेतात, मगच तिचा संसार सुरू झाला असं धरतात. मला कुणी नेलंच नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं, इथल्या डोंगरावर देव भेटला तर राहायचं, नाहीतर कायमचं माहेरी निघून जायचं. ह्यांना हे सांगितलं नाही, नुसती डोंगराची भुणभुण लावली.

शेवटी वैतागून एका सुट्टीला हे मला पालघरला घेऊन गेले. मनोरच्या रस्त्याने वाघोबाची खिंड गाठली आणि राखीव जंगलातल्या पायवाटेने कालदुर्ग चढू लागलो. मी पुढे, हे मागे. "अगं, जरा दमाने!" पण मला कुठला दम! पिशवीत नारळ, हळदकुंकू आणि मनात नुसती घाई. वाळक्या फाट्यांची मोळी घेऊन एक बाई उतरत होती. तिला विचारलं, "वर देऊळ केवढं आहे हो?"

"वर देव नाय, बाय. देव खाली खिंडीत हाय. तुमी त्याला सोडूनच आल्या."

शेंदूर फासलेला तो दगड मी पाहिला होता. रस्त्याकडेचा कसला देव, म्हणून थांबलेसुद्धा नव्हते. माझं डोकंच फिरलं. तरी हट्टाने चढत राहिले.

माथ्यावर खरंच उघडा कातळ आणि वारा. मला रडू फुटलं. "मला इथे राहायचं नाही," मी ओरडले, "उद्याच्या उद्या माहेरी पोचवा." वाटलं, आता हे चिडतील, नाहीतर समुद्राकडे बोट करून आपलं बांधकाम दाखवत बसतील. घरी रोज त्याचंच तर कौतुक चालायचं.

हे समुद्राकडे पाठ करून उभे होते. पूर्वेला डोंगरामागे डोंगर, तिकडेच बघत होते. मग हळूच म्हणाले, "आपलं गाव नेमकं कुठल्या बाजूला येईल गं?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? अंदाजाने मी उजवीकडे हात केला. हे तिकडे वळले.

"तू गेलीस तर हे मी कुणाला विचारायचं?" म्हणाले आणि खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसू लागले. घाम तर केव्हाच वाळला होता.

मी माहेरी गेले नाही.