हनीफचा कूळकायदा

हनीफ परकारचा संशय म्हणजे साधासुधा संशय नव्हे महाराजा, वडिलोपार्जित इस्टेट! रत्नागिरीतली आजोबांची भातखाचरं कूळकायद्यात गेली. कसेल त्याची जमीन झाली आणि परकारांच्या वाट्याला उरला हा संशय. तोच उराशी बाळगून हनीफ दुबईपलीकडच्या रास अल खैमाला आला आणि एका अरबाबाच्या, म्हणजे मालकाच्या, शेतावर मुकादम झाला. तिथल्या ओसाड माळावर त्याने खजूर उभा केला, टोमॅटो-काकडी पिकवली. डोक्यावरचे काळे केस त्याच मातीत पांढरे झाले.

ब्याण्णव साली अरबाब म्हणाला, "सोमालियातल्या लढाईतून पळालेली कुटुंबं माझ्या गोदामात राहताहेत. आपल्या पडीक जमिनीतला बरा तुकडा शोध. पिकवून खाऊ देत बिचारी."

झालं! हनीफचा वडिलोपार्जित संशय जागा झाला. गोड्या विहिरीजवळचा तुकडा त्याच्या डोळ्यांसमोर होता. पण तिथे ही उंच, काळीभोर माणसं एकदा राबायला लागली, की उद्या कुळं म्हणून छातीवर बसणार! त्याने गुपचूप समुद्राकडची खारी जमीन दाखवली.

तीन पोरांना घेऊन आलेल्या हलीमो नावाच्या विधवेने तिथलं पाणी चाखलं आणि थुंकलं. बोलली काहीच नाही. तिचं न बोलणंही हनीफला डाव वाटला. रोपं जळाली, तिने पुन्हा वाफे केले.

"बघ, ती काळी कशी पाय रोवतेय," तो घरी बायकोला म्हणाला.

शहनाझ उसळलीच. "अहो, तिचा धाकटा ते खारं पाणी पिऊन आजारी पडलाय! आणि काळे काळे काय करताय? आरशात बघा की जरा!"

"तुला नाही कळायचं. आमच्या आजोबांनीही दयाच दाखवली होती."

शेवटी हलीमोच पोराला कडेवर घेऊन अरबाबाच्या दारात उभी राहिली. अरबाब तडक शेतावर आला.

"गोड्या विहिरीजवळची जमीन का लपवलीस?"

"तुमच्याच भल्यासाठी, अरबाब! हे लोक जमीन कसतील आणि तिचे मालक होतील. आमच्याकडे तसा कायदाच आहे."

अरबाब आधी बघतच राहिला, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "अरे हबीबी, इथे परक्या माणसाच्या नावावर शेत होत नाही. कसून मालक होता आलं असतं, तर हे सगळं शेत आज कुणाचं असतं?"

हनीफने मान वर करून पाहिलं. समोर त्याने लावलेला खजूर होता, ओळच्या ओळ. त्यातलं एकही झाड त्याचं नव्हतं.

"खलास. यल्ला, चल, त्यांना गोड्या विहिरीवर ने," म्हणत अरबाब गाडीत बसला.

हनीफने मुकाट्याने हलीमोचं सामान टेम्पोत चढवलं, विहिरीचा पंप स्वतःच्या हाताने सुरू करून दिला. आजारी पोर ओंजळीने पाणी पीत राहिलं. ते बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

घरी येऊन त्याने चपलांची माती झटकली. शहनाझने चहा पुढे केला, तेव्हा म्हणाला, "आजोबांची कुळं नशीबवान गं. त्यांना निदान जमीन तरी मिळाली."